बकुळेची पाठवणी

"मुलगी उभी राहते का हो?" धुमाळकाकूंनी विचारलं.

मी बकुळेला छातीशी धरून त्यांच्या ओट्यासमोर उभी होते. खरं उत्तर "नाही" असं होतं. बकुळा कापडाची होती. तिच्या पायांत जुन्या परकराच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या, आणि उभी केली की ती आधी गुडघ्यांत वाकायची आणि मग तोंडावर आपटायची. पण मुलीची बाजू म्हटल्यावर थोडं झाकून सांगावं लागतं, एवढं मला नवव्या वर्षीही कळत होतं.

"राहते की," मी म्हटलं. "आज जरा दमलीय. प्रवास झालाय ना."

आमचं क्वार्टर त्यांच्या शेजारचंच होतं.

"स्वयंपाक?"

"सगळा येतो. पुरणाच्या पोळ्यासुद्धा."

काकूंनी बकुळेची हनुवटी एका बोटाने वर केली आणि निरखून पाहिलं. "रंगाने जरा डावीच आहे. नाकीडोळी मात्र नीटस."

ओट्यावरच्या पाच-सहा बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांत माझी आईही होती. तिने मला डोळ्यांनी खूण केली, की तूही विचार, गप्प बसू नकोस. मी घसा खाकरला. "मुलगा काय करतो?"

"ओव्हरसियर आहे," हेमी म्हणाली. हेमी म्हणजे धुमाळकाकूंची मुलगी, माझ्याच वर्गातली, आणि आता होऊ घातलेली विहीण. तिचा बाहुला पुण्याहून आणलेला, प्लॅस्टिकचा, निळ्या डोळ्यांचा. नाव प्रतापराव. आडवा केला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे.

"तरीच," आई म्हणाली, "पाठ टेकली की झोपतो!"

धुमाळकाका स्वतः ओव्हरसियर. ते आत पेपर वाचत होते, तिथून ओरडले, "ऐकू येतंय हो वहिनी मला!" आणि ओट्यावर पुन्हा हशा उसळला. अशा रीतीने सोयरीक जमली.

हे सगळं धरणाच्या वसाहतीत घडलं, अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात. धरण अर्धंच उभं होतं. गावं दूर, बाजार आठवड्यातून एकदा, सिनेमा महिन्यातून एकदा तंबूत, तोही तुटक्या रिळाचा. एरवी करमणूक म्हणजे दुपारी बाराला वाजणारा भोंगा आणि त्यापाठोपाठ उडणारे सुरुंग. बायकांना घरकाम करून करून कंटाळा आला होता आणि आम्हां पोरींना सुट्टी लागली होती. तेव्हा बाहुलीचं लग्न नुसतं पोरींचं राहिलं नाही. आख्खी वसाहत त्यात उतरली. टाइमकीपर पुराणिककाकांनी भटजी व्हायचं कबूल केलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टोअरकीपर. त्यांनी मांडवासाठी सुतळी दिली. मुहूर्त ठरला बुधवारी बाराच्या सुरुंगाचा, म्हणजे अक्षता पडल्या की फटाके फुकटात.

त्याच्या आठच दिवस आधी शालनआत्या आली होती.

शालनआत्या ही अण्णांची धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, म्हणून अण्णांनीच तिला वाढवलं. पोटच्या पोरीसारखी वाढवली असं सगळे म्हणत, अण्णासुद्धा. लग्नाआधी ती आमच्याकडेच होती. बकुळा तिनेच मला शिवून दिली होती. शिट्टी वाजवायची, पाण्याच्या टाकीवर चढून बसायची, आणि आई रागावली की म्हणायची, "वहिनी, दादा आहे तोवर मला कुणाची भीती नाही." दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. आता ती एकटीच एक पिशवी घेऊन एसटीतून उतरली होती.

ती बदलली होती, पण त्यातला गमतीचा भाग तेवढा माझ्या लक्षात आला. ती प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागली होती.

"वहिनी, मी पाणी घेऊ का?"

"अगं, हे काय विचारणं?" आई म्हणाली. "माठ आहे तिथेच आहे."

थोड्या वेळाने, "वहिनी, मी जरा आडवी होऊ का?" मग, "खिडकी उघडू का?" मला वाटलं, आत्याने नवा खेळ काढला. दुसऱ्या दिवशी तिने मलाच विचारलं, "वैजू, तुझा कंगवा घेऊ का?" तेव्हा मी आमच्या शाळेतल्या जोगळेकरबाईंचा आवाज काढून म्हणाले, "घे. परवानगी आहे."

आत्या दचकली आणि मग हसली. आल्यापासून पहिल्यांदाच हसली. त्यामुळे मला जोर चढला. मग दिवसभर हेच. "वैजू, मी अंगणात जाऊ का?" "जा. पाच मिनिटं." "वैजू, अजून एक भाकरी घेऊ का?" "नाही. आधी पाढे म्हण." तीही खरंच सतराचा पाढा म्हणायची आणि मग भाकरी घ्यायची. आई एकदा तव्याकडे तोंड फिरवून डोळे पुसत होती. मी म्हटलं, धूर गेला असेल.

बकुळेचा शालू आत्यानेच शिवला, मुंडावळ्या मण्यांच्या केल्या. लग्न झोकात झालं. वरात तीनचाकी सायकलवरून निघाली. पुराणिककाकांनी मंगलाष्टकांत कार्यकारी अभियंत्यांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची नावं गुंफली. भोंगा झाला, "सावधान" झालं, तांबड्या ज्वारीच्या अक्षता पडल्या आणि पलीकडे डोंगरात धडाधड सुरुंग उडाले. प्रतापराव दचकून सायकलवर आडवे झाले आणि भर मांडवात त्यांना झोप लागली. मग शिरा आणि कांदाभजी.

जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "आता मुलगी सासूच्या पदरात घाल."

मला वाक्य शिकवलेलं होतं. मी बकुळेला दोन्ही हातांवर घेतलं. हेमीने आपल्या आईची जुनी साडी कशीबशी गुंडाळली होती, तिने पदर पसरला. मी बकुळेला त्यात ठेवलं आणि म्हणाले, "विहीणबाई, आमची मुलगी तुमच्या पदरात घातलीय. चुकली-माकली तर पोटात घाला. आजपासून ती तुमची."

बायका हसता हसता खरंच रडायला लागल्या. सगळ्यांनाच आपापल्या पाठवण्या आठवल्या असणार. आत्या मात्र कुणाच्या ध्यानात यायच्या आधीच उठून आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बकुळेला आणायला धुमाळांकडे गेले.

"कशाला?" हेमी म्हणाली.

"कशाला म्हणजे? माझी आहे."

"होती. आता आमची सून आहे."

मी काकूंकडे पाहिलं. मोठी माणसं निवाडा नीट करतात असा तेव्हा माझा समज होता. काकू गहू निवडत होत्या, त्यांनी वर पाहिलं आणि एकदम गंभीर चेहरा केला. "असं कसं हो विहीणबाई? कालच तर पदरात घातलीत. सून अशी दुसऱ्या दिवशी माहेरी पाठवतात का? चारचौघांत नाव जाईल आमचं. दिवाळसणाला पाठवू हं."

दिवाळीला पाच महिने होते. मी घरी येऊन बोटांवर मोजले.

शुक्रवारी मी कुंपणातून पाहिलं, तर बकुळा तारेवर वाळत होती. हेमीने तिला धुतलं होतं. दोन्ही हातांना चिमटे लावले होते, तोंडावरचा रेशमी धागा फिस्कटला होता आणि एक वेणी पार सुटून लोंबत होती. "पारोशी राहते म्हणून आंघोळ घातली," हेमीने कुंपणापलीकडून मला सुनावलं. "आणि कामाचा आळस फार. तुम्ही वळण लावलं नाही."

मी रडत घरी आले. आई आणि आत्या समोरासमोर पाट घेऊन पापड लाटत बसल्या होत्या.

"आई, मला माझी बकुळा परत आणून दे!"

आईचे दोन्ही हात तेलाने माखलेले, लाट्या सुकत होत्या. ती हसली. "अगं, तूच दिलीस ना? मग आता रडून काय उपयोग? एकदा मुलगी पदरात घातली की घातली. मग तिच्यावर आपला हक्क नाही. कधी आलीच तर चार दिवस पाहुणीसारखं राहायचं आणि आपल्या घरी परत जायचं. असंच असतं ते."

आत्याचं लाटणं थांबलं. आईने जीभ चावली. "मी बाहुलीचं बोलतेय, शालन."

"हो, मला कळलं की," आत्या म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. तो पापड तिने इतका पातळ लाटला की उचलताना फाटला.

मी मात्र तो नियम नीट पाठ केला. आवडला नव्हता, पण सगळी मोठी माणसं एकच सांगत होती, म्हणजे तो खराच असणार.

रविवारी दुपारी आतोबा आले, म्हणजे आत्याचे यजमान. सोबत त्यांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. दोघांच्याही टोप्या पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या. ओट्यावर सतरंजी घातली गेली. चहा झाला. धरणाची उंची किती, पाणी कधी अडवणार, आमच्या बाजूला यंदा ऊस कसा आहे, असं बोलणं बराच वेळ चाललं. आतोबा काही बोलत नव्हते. भाऊसाहेब बोलत होते ते अगदी गोड. "घरात चार माणसं म्हटल्यावर भांड्याला भांडं लागतं, स्टोअरकीपरसाहेब. आता घर उघडं टाकून बाई किती दिवस राहणार? साडेचारची गाडी आहे. निघावं म्हणतो."

अण्णा बशीत उरलेला चहा गोल गोल फिरवत बसले. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसले होते, म्हणून मला दिसत होतं. मग त्यांनी आत हाक मारली, "शालन, जरा बाहेर ये गं."

आत्या दारात आली. तिने डोक्यावरून पदर घेतला होता, आमच्या घरात ती कधी घेत नसे. चौकटीला एक हात धरून ती उभी राहिली.

"हे न्यायला आलेत," अण्णा म्हणाले. "तुझं काय?"

आत्या म्हणाली, "दादा, मी राहू का?"

मला वाटलं, खेळ सुरू झाला.

मी ताठ बसले, जोगळेकरबाईंचा आवाज काढला आणि म्हणाले, "नाही! एकदा पदरात घातली की घातली. चार दिवस पाहुणीसारखं राहायचं आणि आपल्या घरी परत जायचं. असंच असतं ते."

भाऊसाहेब मांडीवर थाप मारून हसले. "घ्या! लागला निकाल! पोरीला कळतं ते मोठ्यांना कळत नाही!" आतोबाही हसले. मग अण्णा हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या मास्तरीणबाई आहेत या."

सगळे हसले म्हणून मीही खूश झाले. आत्याकडे पाहिलं, ती काही सतराचा पाढा म्हणायला लागली नाही. ती आत गेली. दहा मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर आली. आईने तिला हळदीकुंकू लावलं, ते थोडं नाकावर सांडलं. आत्याने जाताना माझा गाल चिमटीत धरला. "येते हं वैजू," एवढंच म्हणाली. साडेचारच्या गाडीने ते तिघं गेले.

गाडी दिसेनाशी झाली आणि आईने मला एक चापटी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग स्वतःच मला पोटाशी धरून रडली. अण्णा ओट्यावरच बसून होते, ते आत आले नाहीत. मला का मारलं ते मी विचारलं नाही, पण दोन-तीन दिवस तोच विचार करत राहिले, आणि मग हळूहळू कळलं. माझ्या बोलण्यामुळे आत्या गेली होती. मी हसवायला म्हणून बोलले होते आणि ते खऱ्या कामाला आलं होतं. आई सोमवारी सकाळी धुमाळांकडे जाऊन न बोलता बकुळेला घेऊन आली. मी तिला हात लावला नाही. पुढे ती कुठे गेली मला माहीत नाही.

आत्या सासरी आणखी अकरा महिने राहिली. मग एके दिवशी तिथून निघाली ती आमच्याकडे न येता थेट मिरजेला गेली आणि नर्सिंगला लागली. पुढे सरकारी दवाखान्यात सिस्टर झाली. अशी सिस्टर, की डॉक्टर तिला विचारून वॉर्डात पाय टाकायचे. दर भाऊबीजेला ती आमच्याकडे यायची. अण्णांना ओवाळायची, जेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. अण्णा फाटकापर्यंत जाऊन दर वर्षी म्हणायचे, "आजचा दिवस राहा की गं." ती म्हणायची, "ड्यूटी आहे, दादा." अण्णा गेले तोवर हे असंच चाललं. इतक्या वर्षांत ती आमच्या घरी एकदाही मुक्कामाला राहिली नाही, आणि दर वेळी मला वाटायचं, माझ्यामुळे.

मी मोठी होऊन कॉलेजात मराठी शिकवायला लागले. आमच्या अभ्यासक्रमात "साहित्यातील निरागसतेचा अंत" असा एक घटक आहे. गुण दहा. मुलं त्यावर उत्तरं लिहितात, "सदर कथेत नायिकेची निरागसता तिसऱ्या परिच्छेदात संपते व चौथ्यात तिला जबाबदारीची जाणीव होते." मी असल्या उत्तरांना सात देते आणि मग वर्गाला स्वतःची गोष्ट सांगते. सुरुंगाचा मुहूर्त, झोपाळू नवरदेव, सगळं रंगवून सांगते. पोरं पोट धरून हसतात आणि शेवटी गप्प होतात. मला ते गप्प होणं आवडायचं, खोटं कशाला बोलू? तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या वार्षिक अंकात मी ती छापूनही टाकली. शेवटचं वाक्य होतं, "त्या दिवशी एका वाक्यात माझं बालपण संपलं."

अंक कुणीतरी आत्यापर्यंत पोचवला. तिचा फोन आला. "ये जरा इकडे. रविवारी."

मी मिरजेला गेले. चष्मा लावून, अंक मांडीवर घेऊन आत्या रुग्णाचा कागद तपासावा तशी बसली होती. मला बसायलाही सांगितलं नाही.

"वाचली. शुद्धलेखन बरंय," ती म्हणाली. "गोष्ट चुकलीय."

"काय चुकलं?"

"तू बोललीस म्हणून आत्या गेली, असं लिहिलंयस."

"तसंच तर झालं ना," मी म्हटलं. "आत्या, मला माफ कर. मला तेव्हा काही कळत नव्हतं."

"अगं वेडे!" तिने अंक मिटून बाजूला टाकला. "चाळीस वर्षं हे डोक्यावर घेऊन फिरतेयस? नऊ वर्षांच्या पोरीचं ऐकून कुणी संसाराला परत जातं का? आणि तुझं बालपण कुठलं संपतंय! तू त्या दिवशी संध्याकाळी लगोरी खेळत होतीस, वहिनीने मला पत्रात लिहिलं होतं. बस खाली."

मी बसले.

"तू बोललीस तेव्हा मलाही हसू आलं होतं," ती म्हणाली. "मनात म्हटलं, आता दादा हिला रागावणार. म्हणणार, गप गं वैजू, तुला काय कळतंय? आणि मला म्हणणार, शालन, हे कप विसळायला ने. बास, तेवढंच ऐकायला मी चौकट धरून उभी होते. त्याने कप आत न्यायला सांगितले असते तर मी कायमची राहिले असते. मला शंकाच नव्हती गं. तू निरागस-निरागस काय ते लिहिलंयस ना, तशी त्या ओट्यावर मीच होते. तेवीस वर्षांची घोडी."

तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"तुझ्याकडे बघायला मला वेळ कुठे होता? मी दादाकडे बघत होते. आणि दादा हसला."

मी विचारलं, "अण्णांना हे कळलं होतं?"

"कळलं नसतं," आत्या म्हणाली, "तर दर वर्षी फाटकापर्यंत येऊन 'राहा' म्हणाला असता का?"